लेकराचे दात आणि आईवर खापर

दिवाळीत अकोल्याला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "आईचं लक्ष नाही, म्हणून लेकराचे दात किडले." म्हणणारे आपल्यासारखेच शिकलेले, पुण्याहून सुट्टीला आलेले! च्यायला, एका बगचं मूळ शोधायला आपण आठवडा घालवतो आणि इथे दोन सेकंदांत निकाल?

जरा बघा. कापूस बुडालेला, डोक्यावर कर्ज, नवरा पिऊन आलेला. रात्री लेकरू रडलं की घरात तमाशा. मग आई साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देते. झोपेत लाळ कमी होते, दूध वरच्या पुढच्या दातांशी साचतं, जंतू साखरेचं आम्ल करतात. खालचे दात जिभेमुळे बरेचदा वाचतात. पुढे दात ठणकतो, लेकरू आणखी रडतं... पुन्हा बाटली. (आमच्या आयटीवाल्यांच्या घरी दारूऐवजी रात्रीचे कॉल असतात. बाटली तीच.) त्या बाईला ब्रशवर लेक्चर देऊन काय होणार?

आणि "दुधाचे दात, पडणारच की" म्हणणाऱ्यांनो, दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत लागतात.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत मुलं तपासतात, त्यात दातही येतात. शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करायला २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प आला. मग अमरावती-अकोल्यात किडक्या दातांचं लेकरू सापडलं की आशाताईंनी त्याच आठवड्यात त्या घरी जाऊन आईला आधी एवढंच विचारावं, "बाई, घरी कसं चाललंय?"