छातीतले दुखणे अंगावर काढू नका

दिवाळीत छातीत जळजळू लागले की आपण दोष देतो तो चकलीला. कुणी ओवा पुढे करते, कुणी सोड्याचे पाणी. आणि ‘सणासुदीचे इस्पितळ कशाला?’ म्हणून रोगी कुशीवर वळतो. वाचकहो, हीच चालढकल २०२० साली करोनाच्या साथीत जगभर झाली, आणि तिची किंमत आकड्यांत मोजली गेली.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये इटलीतील ५४ इस्पितळांनी एका आठवड्याच्या नोंदी तपासल्या. आदल्या वर्षीच्या मानाने हृदयविकाराच्या झटक्याचे रोगी जवळजवळ निम्म्यावर आले होते. ऐकून बरे वाटेल. पण मोठा झटका येऊन दाखल झालेल्यांत दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४ वरून सुमारे १४ वर गेले होते! भारतातही १८७ इस्पितळांच्या पाहणीत असे रोगी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटलेले दिसले. रोग काही रजेवर गेला नव्हता. पुष्कळ जण संसर्गाच्या धास्तीने घरीच बसले, आणि आले तेही उशिरा. धास्ती खोटी नव्हती; परंतु दारातल्या संकटाला भिऊन घरातले संकट मात्र वाढू दिले गेले.

उशीर एवढा का भोवतो? हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकते आणि त्यापुढचा स्नायू मिनिटागणिक मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन रोगी पोचल्यापासून अर्ध्या तासात द्यावे, किंवा फुग्याने धमनी ९० मिनिटांत उघडावी, असा डॉक्टरांचा दंडक आहे. पण त्यांचे घड्याळ रोगी दारात आल्यावर सुरू होते. हृदयाचे त्याआधीच सुरू झालेले असते.

म्हणून खुणा ओळखाव्यात. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, मळमळ. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांना कित्येकदा छातीत दुखतही नाही; नुसता दम लागतो वा गळून गेल्यासारखे होते. आणि ‘कुणाला त्रास नको’ म्हणून गप्प राहणारी घरातली माणसे बहुधा हीच!

अशा वेळी रोग्याला जिना चढूउतरू देऊ नये, गाडी चालवू देऊ नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. चोवीस तास कार्डिओग्राम निघेल असे जवळचे इस्पितळ कोणते, याची चौकशी आजच करून नाव भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे. तिथे जाऊन वातच निघाला, तर हसत परत यावे आणि उरलेला फराळ बेताने खावा. तो फुकटचा हेलपाटा परवडतो. घरी दवडलेला तास परवडत नाही.