मनगटाचा खर्च कोणाच्या खाती?

दिवाळी अंकांची कामे आता येऊन पडू लागतील. कथा उशिरा येतात, जाहिराती त्याहून उशिरा, आणि छपाईची तारीख मात्र हलत नाही. मधला सगळा ताण अक्षरजुळणी करणाऱ्या ऑपरेटरच्या खुर्चीत जमा होतो. हात दुखायला लागतात ते याच दिवसांत, आणि ते कोणी बोलून दाखवत नाही तेही याच दिवसांत. काम दुसरीकडे जाईल ही धास्ती.

सुरुवात साधी असते. पहाटे जाग येते तेव्हा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर झालेले असते. हात झटकला की बरे वाटते. करंगळीला काहीच होत नाही, कारण या बोटांची नस मनगटातल्या ज्या अरुंद बोगद्यात दबते, त्यातून करंगळीची नस जात नाही. कोणाचे दुखणे अंगठ्याच्या मुळाशी असते : अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवले की कळ थेट कोपराकडे चढते. बहुतेक जण बाम चोळतात, औषधाच्या दुकानातून पट्टा आणतात आणि तो बांधूनच टायपिंग करतात. मनगट सरळ ठेवणाऱ्या पट्ट्याचा खरा उपयोग रात्री झोपेत असतो. पट्ट्याशी झगडत कळा दाबल्या तर जोर उलट वाढतो. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला तर मात्र बाम-पट्टा बाजूला ठेवून तडक डॉक्टर गाठावा. दबलेली नस फार काळ वाट पाहत नाही.

आमच्या परिचयातल्या एक ताई वर्षानुवर्षे घरून पुस्तके लावतात. आता त्यांचा माउस डाव्या हाताला आहे. गॅसचा लायटर दोन्ही हातांनी दाबावा लागतो, कणीक मुलगा मळतो, बरणीची झाकणे कोणी घट्ट लावायची नाहीत असा घरात नियम आहे. सकाळी हात जरा हलके असतात म्हणून अवघड पाने, तक्ते, तळटिपा आधी. दुपारनंतर फक्त वाचून खुणा करायच्या. पूर्वीच्या निम्मी पाने होतात. प्रकाशकाला यातले काहीही ठाऊक नाही. ‘सांगितले तर पुढचे पुस्तक येईल का?’ एवढेच त्या विचारतात.

देवनागरी जुळवणीचा भारही लक्षात घ्यायला हवा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘स्वातंत्र्य’ या एका शब्दाला ११ कळा लागतात. त्यातली पाय मोडायची कळ तीनदा, तीही डाव्या मधल्या बोटाने. बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, आणि त्याच हाताला माउस. ‘ज्येष्ठ’ लिहायचा तर शिफ्ट दोनदा. शिवाय करेक्शन म्हणजे टायपिंगपेक्षा माउसचेच काम अधिक. संगणकाने मनगटाचा बोगदा खरोखर किती आवळला जातो यावर तज्ज्ञांत वाद आहे, हे मान्य. पण माउस धरून तासन्‌तास बसले की मनगट आणि बाहू दुखतात हे समजायला त्या वादाचा निकाल लागावा लागत नाही.

बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७१३मध्ये कारकुनांच्या दुखण्याची तीन कारणे नोंदवली : सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. तिसरे कारण वाचताना प्रुफे डोळ्यांसमोर येतात. ब्रिटनने तारयंत्र चालवणाऱ्यांच्या हाताचा पेटका १९०८मध्येच भरपाईपात्र ठरवला. आपल्या धंद्यातला जुना रोग शिशाचा. १९४८च्या कारखाने कायद्याला जोडलेल्या रोगांच्या यादीत पहिलेच नाव शिसेबाधेचे होते. खिळे गेले, शिसे गेले, जुळारी जाऊन ऑपरेटर आला. त्याच्या मनगटाला मात्र त्या यादीत जागा मिळाली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१०च्या यादीत ती आहे. पण दोन संगणकांच्या गाळ्याला किंवा घरातल्या टेबलाला कारखान्यांचे नियम लागू होतात कुठे?

म्हणून प्रश्न दराचा आहे. पानामागे पैसे, करेक्शन फुकट, आणि लेखकाने तिसऱ्या प्रुफात नवा परिच्छेद घातला तरी तोच दर : अशा हिशेबात ऑपरेटर मधे उठणार कधी? उठला तर त्याचेच पान बुडते. ‘दर तासाला पाच मिनिटे विश्रांती घ्या’ हा सल्ला तासावर पगार घेणाऱ्याला ठीक आहे. उंची बदलणारी खुर्ची, मनगट न वाकवणारा कळफलक जरूर घ्यावा. बोलून टाइप करण्याची सोय मराठीला २०१७पासून आहे. कादंबरीच्या कच्च्या मजकुराला ती चालते, पण शेजारी प्रिंटर घरघरत असेल आणि मजकुरात श्लोक असतील तर पुढची दुरुस्ती पुन्हा बोटांवरच येते. या साधनांचा खर्च आज ऑपरेटर करतो आणि लवकर मिळालेल्या पानांचा फायदा प्रकाशक घेतो. हे आम्हाला पटत नाही.

दरपत्रकात करेक्शनचा स्वतंत्र रकाना हवा : दुसऱ्या प्रुफापर्यंतचे काम दरात धरावे, त्यापुढच्या प्रत्येक पानाला वेगळा आकार. रात्रीच्या कामाला वाढीव दर. मोठ्या पुस्तकाचे वेळापत्रक ठरवताना प्रकाशकाने ऑपरेटरलाही बैठकीला बोलवावे, त्याला तारीख फोनवर कळवून मोकळे होऊ नये. काही मुद्रणालये असे दर लावत असतील. त्यांनी आपली दरपत्रके आमच्याकडे पाठवावीत, पुढच्या अंकात नमुना म्हणून छापू. ऑपरेटरांनीही लिहावे. त्यांचे नाव, गाव आणि प्रकाशक यांपैकी काहीही छापले जाणार नाही. पत्र टाइप करणे जमत नसेल तर आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवला तरी चालेल.