अंतराचं भाडं

माझ्या मामूंचं जोगेश्वरी पश्चिमेला, रिलीफ रोडवर फर्निचरचं छोटं दुकान आहे. बावीस वर्षं पुढे दुकान आणि मागे कारखाना, अशी व्यवस्था होती. गिऱ्हाईक पुढे पलंग बघायचं, मागून रंध्याचा आवाज यायचा. दोन वर्षांपूर्वी मागच्या शेडचा अकरा महिन्यांचा करार संपला आणि जागामालकाने महिन्याचं भाडं एकदम पंधरा हजारांनी वाढवून मागितलं. मामूंनी कारखाना वसईजवळ वालीवला नेला. "दुकान तेच, गिऱ्हाईक तेच, फक्त लाकूड लांब गेलं," असं ते तेव्हा म्हणाले होते.

मी कॉमर्स शिकलो म्हणून त्यांच्या वह्या माझ्याकडे असतात. लाकूड लांब गेलं म्हणजे काय, ते मला त्या वह्यांत दिसलं. वालीव ते रिलीफ रोड, येऊन-जाऊन साधारण सत्तर किलोमीटर. भरलेला छोटा हत्ती ट्रॅफिकमध्ये लिटरला चौदा किलोमीटर देतो. म्हणजे फेरीला पाच लिटर डिझेल. लिटरला 90 रुपये धरले तर 450 रुपये आणि महिन्याच्या 26 फेऱ्यांचे 11,700 रुपये. भाड्यात वाचवलेल्या पंधरा हजारांतले पावणेबारा हजार टाकीत गेले. उरलेल्यात टायर, ड्रायव्हरचा जादा वेळ आणि घोडबंदरच्या वर्सोवा पुलाजवळ अडकून गेलेल्या दुपारी. आमच्याकडचा सहारनपूरचा नक्षीकाम करणारा कारागीर बेहरामबागेत राहतो. तो आता रोज लोकलने वसईला जातो. त्याच्या येण्याजाण्याचे तीन तास कुठल्याच वहीत लिहिलेले नाहीत.

आपल्या मोहल्ल्यात महागाईची चर्चा निघाली की बोट पेट्रोल पंपाकडे जातं. ते चूक नाही. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत डिझेलने लिटरमागे शंभरी ओलांडली, तेव्हा कितीतरी टेम्पोवाल्यांचे हप्ते थकले. पेट्रोल-डिझेल आजही जीएसटीच्या बाहेर आहे आणि केंद्राचं उत्पादन शुल्क व राज्याचा व्हॅट मिळून कराचा बोजा मोठा आहे. पण कर कमी झाला तर मामूंच्या हाती किती पडतं, तेही बघा. 2024 च्या जुलैत राज्य सरकारने मुंबई परिसरात डिझेलवरचा व्हॅट 24 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आणला. लिटरमागे साधारण दोन रुपये वाचले. मामूंच्या हिशेबात फेरीला दहा रुपये, महिन्याला 260. कारखाना जोगेश्वरीतच राहिला असता तर वाचले असते जवळपास बारा हजार.

म्हणून माझं म्हणणं असं की जागेचा बाजार आणि इंधनाचा दर हे आपल्या कारागिरांसाठी दोन वेगळे प्रश्न नाहीत. जागा महाग झाली की माणूस लांब जातो आणि लांब गेला की डिझेलची प्रत्येक दरवाढ त्याला दुप्पट-तिप्पट लागते. रिक्षावाल्याला निदान सरकार दर ठरवून देतं. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं 23 वरून 26 रुपये झालं. सुताराच्या, पॉलिशवाल्याच्या, गादी भरणाऱ्याच्या मजुरीसाठी असा कुठलाही तक्ता नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर ऑनलाइन किंमत दाखवतं आणि मामू गप्प बसतात.

यातली कडवट गोष्ट अशी की हा बाजार बांधकामावरच जगतो. जुन्या इमारती पाडल्या की त्यांचं सागवान, दारं, कपाटं इथे येतात. नव्या इमारती उभ्या राहिल्या की तिथल्या घरांना पलंग आणि टेबलं इथून जातात. 2016 च्या डिसेंबरात राम मंदिर स्टेशन सुरू झालं, 2023 च्या जानेवारीत ओशिवऱ्याला मेट्रो आली. आपण सगळे खूश झालो आणि व्हायलाच हवं होतं. पण जी जमीन त्यामुळे सोन्याच्या भावाची झाली, तिच्यावर रंधा मारणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात व्यावसायिक गाळ्याला 20.90 चौरस मीटर, म्हणजे 225 चौरस फूट जागा मोफत मिळते. त्याहून जास्त जागा असेल तर वरची जागा पैसे मोजून घ्यावी लागते. पानाच्या किंवा मोबाइलच्या दुकानाला 225 फूट पुरतात. सहा फुटी कपाट आडवं ठेवून त्याला पॉलिश करायचं, शेजारी कटर चालवायचा आणि लाकूडही रचायचं, तर ते होत नाही. भाड्याने बसलेल्या कारागिराचं नाव तर बहुतेक वेळा पात्रतेच्या यादीत येतच नाही.

काही जण म्हणतील, हे कारखाने वस्तीत धोक्याचे आहेत. ही शंका खरी आहे. 2025 च्या फेब्रुवारीत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात लागलेली आग आपण पाहिली. लाकूड, थिनर आणि लोंबकळत्या वायरी एकत्र असल्या की काय होतं, ते मी नाकारत नाही. पण त्यावर उपाय म्हणजे पुनर्विकासाच्या आराखड्यातच तळमजल्यावर आगीपासून सुरक्षित, सामायिक कार्यशाळांचे गाळे काढणं. कारागिराला वसई-भिवंडीला पाठवल्याने आग विझत नाही, ती फक्त आपल्या नजरेआड जाते.

सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. पाच टक्के व्याजाने तीन लाखांपर्यंत कर्ज आणि अवजारांसाठी 15,000 रुपये मिळू शकतात. पात्र असाल तर जरूर घ्या. मात्र कर्जाने मशीन येतं, ते ठेवायला जागा येत नाही.

ही जागा मागायची तर आधी आपण तिथे होतो, हे दाखवावं लागेल. इथे माझ्या वयाच्या वाचकांशी मला बोलायचं आहे. आपले अब्बा, चाचा, मामू यांचे हात सोन्याचे, पण फाइल रिकामी. मामूंचा गुमास्ता अजून मरहूम नानांच्या नावावर होता. वीजबिल जागामालकाच्या नावाचं. कामगारांची हजेरी बिडीच्या पाकिटावर. मी त्यांच्याच वह्या सांभाळत होतो, तरी हे विचारायला मला तीन वर्षं लागली.

तेव्हा एक रविवार द्या. दुकानाची नोंद, उद्यम नोंदणी, भाडेकराराच्या प्रती, जुनी बिलं, जागेचे फोटो एका फाइलमध्ये लावा. सर्वेक्षणाच्या दिवशी शटर बंद ठेवू नका. सोसायटीच्या सभेत बाप जात नसेल तर त्याला हाताला धरून घेऊन जा आणि आराखड्यात कार्यशाळा कुठे आहे, ते सगळ्यांसमोर विचारा. नगरसेवक मत मागायला येतील तेव्हा रस्ता आणि गटारासोबत हाही प्रश्न ठेवा.

मामूंची फाइल मी गेल्या महिन्यात पूर्ण केली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "यातून लाकूड परत येईल?" मी हो म्हणालो नाही. मी म्हटलं, "निदान जे दुकान उरलंय, ते तरी वालीवला जाणार नाही." त्यांनी मान हलवली आणि फाइल गल्ल्याखालच्या कप्प्यात, नानांच्या जुन्या पटाशीशेजारी ठेवली.