कुरणांचे आकडे आणि हरवलेली माणसे

१/ जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येनुसार पाच वा अधिक वर्षे चाऱ्याखाली असलेली जमीन म्हणजे 'कायम कुरण'. कझाकस्तान आणि मंगोलिया हे दोन्ही या यादीतील मोठे देश. मात्र केवळ हेक्टरांवरून त्यांची तुलना करणे म्हणजे इतिहास पुसणे होय.

२/ दोन्हीकडे पाऊस तुटपुंजा व बेभरवशाचा. त्यामुळे ऋतूनुसार कळप हलवणे हाच तेथील जगण्याचा आधार.

३/ १९२९ नंतर सोव्हिएत सत्तेने कझाक पशुपालकांना सक्तीने स्थायिक केले, त्यांची जनावरे ताब्यात घेतली. १९३०-३३ च्या मानवनिर्मित दुष्काळात सुमारे १५ लाख लोक मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य कझाक होते. १९५४ पासून ख्रुश्चेव्ह यांच्या मोहिमेत उत्तरेकडील गवताळ प्रदेश नांगराखाली गेला.

४/ मंगोलियातही सामूहिकीकरण सुरू झाले. पण १९३२ च्या उठावामुळे ते मागे घ्यावे लागले. १९५० च्या दशकात 'नेगदेल' या सहकारी संस्था आल्या, तरी स्थलांतर टिकले. १९९२ च्या राज्यघटनेने कुरणे खासगी मालकीबाहेर ठेवली.

५/ मंगोलियाची वाटही निष्कंटक नाही. १९९० मध्ये सुमारे अडीच कोटी असलेले पशुधन २०१९ पर्यंत सात कोटींवर गेले आणि कुरणे झिजू लागली.

६/ म्हणून कुरणाचा इतिहास लिहिताना पहिला प्रश्न 'किती हेक्टर?' हा नसावा. 'तेथे कोण फिरत होते, आणि त्यांना कोणी थांबवले?' हा असावा.