बाटली देण्याआधी एक प्रश्न

वरूड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत संत्र्याच्या नव्या बागांत मृगाची नवती फुटली, की कृषी केंद्रांत एकच मागणी: ‘सिल्लावर काहीतरी जोरदार द्या.’ तोवर उशीर झालेला असतो. सिल्लाची मादी उमलत्या शेंड्याच्या घडीत अंडी घालते. भिंगातून ती बदामाच्या आकाराची, पिवळसर नारिंगी दिसतात. पुढे पिल्ले पांढरे मेणचट धागे सोडत रस शोषतात. आंतरप्रवाही औषधाची आळवणी केली, तर ते मुळांतून शेंड्यापर्यंत चढायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात. म्हणून आळवणी नवतीच्या आधी, जमीन वाफशावर असताना हवी. औषध घालून ड्रिप रात्रभर सोडले, तर ते मुळांच्या खाली उतरते, पैसेही त्यासोबत.

लहान झाडाला ही पद्धत मानवते. पर्णसंभार थोडा असल्याने मात्रा पुरते, फळ नसल्याने त्यातल्या अवशेषांची चिंता नाही आणि मित्रकीटकांवर थेट फवारा पडत नाही. फवारणाऱ्याच्या नाकातोंडातही कमी जाते; 2017 ची यवतमाळमधली फवारणीची विषबाधा विदर्भ विसरलेला नाही. मात्र लेबलवर फवारणीची शिफारस असली म्हणजे आळवणीचीही झाली, असे कोणी समजू नये.

आमची खरी तक्रार आंतरपिकाबद्दल आहे. पहिली चार-पाच वर्षे ओळींमधली जागा कोण मोकळी ठेवतो? तिथे हरभरा असतो, सोयाबीन असते, मेथी असते. आळवणीतल्या इमिडाक्लोप्रिडला आळ्याची हद्द कळत नाही. ज्या पिकाची मुळे तिथवर पोहोचतील, ते पीक औषध उचलते. मेथी तर महिनाभरात बाजारात जाते. युरोपीय संघाने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन या एकाच गटातल्या औषधांचा उघड्यावरील वापर बंद केला, तो मधमाश्यांसाठी. इकडे बांधापलीकडच्या कपाशीलाही बीजप्रक्रियेपासून हाच गट असतो. नुसता ब्रँड बदलून गट बदलत नाही.

आणि सिल्ला पसरवते तो ग्रीनिंग रोग कलमच घेऊन आले असेल, तर कोणतीही बाटली उपयोगाची नाही. फ्लोरिडात 2005 मध्ये हा रोग सापडला. कीटकनाशकांचा मारा करूनही तिथले संत्रा उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. कलमे प्रमाणित रोपवाटिकेतूनच घ्यावीत.

कृषी केंद्रचालक आणि सल्लागारांना विनंती एवढीच: आळवणीचे औषध देण्याआधी ‘ओळीत काय पेरले आहे?’ हे विचारा. उत्तर मेथी-पालक असेल, तर बाटली परत फळीवर ठेवा.