आधी निदान, मग खर्च



पीक पिवळे पडले की आपल्यापैकी पुष्कळजण आधी युरियाच्या पोत्याकडे धावतात. पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या, हे पाहायचे राहूनच जाते. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची उणीव समजावी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी होऊन शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर बहुधा लोहाची. निदान चुकले की पैसा जातो आणि रोग तसाच राहतो. हे मी या पानावर अनेकदा सांगितले आहे. आज तेच जुन्या व्हॅनबद्दल सांगायचे आहे.

मारुती व्हॅन १९८४ साली बाजारात आली. पुढे ती ओम्नी म्हणून घरोघरी माहीत झाली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तरीही खेडोपाडी कार्बोरेटरच्या जुन्या ओम्नी अजून भाजी, दुधाचे कॅन आणि खताची पोती वाहत आहेत. इंजिन ७९६ सीसीचे, सिलिंडर तीनच. त्यातला एक चुकला तरी सगळी गाडी थरथरते. ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतात ते हेच. दोष कायमचा असेल तर लवकर सापडतो. कधी येतो, कधी जातो असा असेल, तर मात्र तो घरातला पैसा खातो.

गेल्या पावसाळ्यात पुरंदर तालुक्यात एका वाटाणा पिकवणाऱ्या कुटुंबाकडे गेलो होतो. दिवसा तोडणी करायची, रात्री पोती भरायची आणि दिवे घाट उतरून पहाटेच्या आत पुण्याचे मार्केट यार्ड गाठायचे, हा त्यांचा क्रम. पण सासवड सोडून भरल्या गाडीने वेग धरला की ती आचके देई. दोनदा भर घाटात बंद पडली. अंधार, पाऊस आणि मागे ट्रकांची रांग. माल उशिरा पोहोचला आणि दर उतरलेला मिळाला. प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल बदलून झाले, कार्बोरेटरही उघडून झाला. साडेसात हजार रुपये गेले. दिवसा गॅरेजात नेली की गाडी शहाण्यासारखी चाले. ‘डिस्ट्रिब्युटरमध्ये पावसाचे पाणी जाते’ असे सगळ्यांचे मत पडले. घरधनी गाडी भंगारात द्यायला निघाले होते.

चहा देता देता बाई म्हणाल्या, “साहेब, पावसाचं काय नाय. भर पावसात दिवसा गेलो तर नीट चालती. रात्री कोरडं असलं तरी दिवं लावलं की आचकं देती.” रोज शेजारी बसून जाणाऱ्या बाईंनी जे पाहिले होते, ते त्यांना कोणी विचारलेच नव्हते!

मग आम्ही दिवसाच, गाडी दारात उभी ठेवून, इंजिन थोडे वाढवून मीटर लावला. कॉइलच्या प्लस टोकावर दिवे बंद असताना साडेतेरा व्होल्ट मिळाले. हेडलाइट लावताच तो आकडा दहाच्या खाली आला. बॅटरीच्या टोकांवर मात्र तेरापेक्षा जास्तच होते. म्हणजे बॅटरी आणि कॉइल यांच्या मधे कुठेतरी वीज अडत होती. फ्यूजच्या डब्यामागचा जोड, म्हणजे कपलर, ओढून पाहिला. प्लॅस्टिक करपून तपकिरी झालेले आणि आतली पिन हिरवी पडलेली. दिव्यांची आणि कॉइलची वीज याच जोडातून जात होती.

दोष गाडीचा नव्हता. वर्षापूर्वी उजेड वाढावा म्हणून हेडलाइटला १०० वॅटचे बल्ब बसवले होते. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे १० अँपिअर घेतात; १०० वॅटचे दोन सुमारे १७. जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणजे जोड पावणेतीनपट तापू लागला. जोड करपला, कॉइलला वीज कमी पडली. ठिणगी दुबळी झाली की रिकामी गाडी कशीबशी चालते. भरलेल्या गाडीला जोर द्यावा लागतो, तेव्हा सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दुबळी ठिणगी तिथे पडत नाही. नवा कपलर आणि पुन्हा ६० वॅटचे बल्ब, खर्च तीनशेच्या आत. उरलेला हंगाम गाडी कुरकुरली नाही.

आपल्या गाडीचेही असे होत असेल तर पुढील क्रम धरा.

पहिले, गाडीत एक वही ठेवा. आचके आले की लिहा: इंजिन थंड होते की तापलेले, पाऊस होता की कोरडे, दिवे चालू होते की बंद, खड्ड्यात आले की सरळ रस्त्यावर, गाडी रिकामी की भरलेली. आठ-दहा नोंदी झाल्या की दोष आपोआप बोलू लागतो. अर्ध्या तासाने तापल्यावर बंद पडून, निवल्यावर पुन्हा चालू होत असेल तर कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय घ्या. खड्ड्यात आचका आला तर सैल जोड किंवा तुटत आलेली वायर शोधा. झटक्यात तुटल्यासारखे झाले तर बहुधा वीज, हळूहळू दम गेल्यासारखे झाले तर बहुधा पेट्रोल.

दुसरे, तिन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरच्या प्लगात, वायरीत किंवा इंजिनात आहे. तिन्ही सारखेच काळे असतील तर सगळ्यांना सामाईक असलेल्या ठिकाणी पाहा. पॉइंटची गाडी असेल तर पॉइंटमधले अंतर फीलर गेजने तपासा. बहुतेक जुन्या गाड्यांत ते ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते.

तिसरे, मीटर वापरा. बंद गाडीत भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. मग दिवे लावून कॉइलपाशी आकडा किती पडतो ते पाहा.

चौथे, बॅटरी व इंजिनापासून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या सोडवून पॉलिश पेपरने घासून घट्ट करा. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम होत असेल तर इंजिनाची अर्थिंग गेली आहे, असे समजा. धान्याची पोती वाहणाऱ्या गाडीत उंदीर येतात. सीटखालच्या वायरी कुरतडलेल्या नाहीत ना, तेही पाहा.

दोन गोष्टी मात्र करू नका. इंजिन चालू असताना प्लगची वायर हाताने ओढू नका. तिच्यात हजारो व्होल्ट असतात. आणि फ्यूज उडाला की तांब्याची तार गुंडाळू नका. फ्यूज गाडी जळू नये म्हणूनच असतो, आणि ओम्नीचे इंजिन आपल्या सीटखालीच आहे. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीचे मायनस टोक सोडवा. गाडीला गॅसचे किट असेल आणि वास येत असेल, तर काही न करता ती जाणकाराकडे दाखवा.

मेकॅनिककडे जाताना ती वही बरोबर न्या, आणि गाडीत रोज शेजारी बसणाऱ्या माणसालाही न्या.

पुढील अंकात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी पाहू.