बोटीवरचा बेत

दाभोळला आगबोट नांगर टाकून उभी राहिली आणि पडावांतून उतारूंची चढउतार सुरू झाली, की धक्क्यावर बसलेल्या आम्हा चौघा पोरांच्या नेमणुका ठरत: एक सारंग, एक टंडेल, एक सुखाणी आणि ज्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नसेल तो हटकून भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. मुंबईहून सुटणाऱ्या विलायती जहाजांवर डेकचे खलाशी बहुधा आमच्या रत्नागिरीकडचे, इंजिनाची आग सांभाळणारे पठाण-पंजाबी आणि सलूनातील नोकर गोव्याचे, अशी वाटणी पूर्वापार चालत आल्यामुळे हा हुद्द्यांचा क्रम आम्हांला पाढ्यांच्या आधी तोंडपाठ झाला होता.

मात्र आमचा बेत देशत्यागाचा नव्हता. गहाण पडलेली भातजमीन सोडवावी, पेंढ्याच्या जागी कौले चढवावीत आणि मोहल्ल्यातील सारंगचाचांप्रमाणे निळी जर्सी घालून, पत्र्याच्या नळकांड्यातले नोकरीचे दाखले पोरांपुढे एकेक करून उलगडावेत, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा.

चाचा जे सांगत नसत ते पुढे कळले. तुफानापेक्षा मुंबईचा धक्का दुस्तर होता. खलाशी भरती करून देणारे दलाल आणि घाट-सारंग यांची दस्तुरी मोजल्यावाचून नाव चढत नसे, आणि एक सफर संपून दुसरी मिळेपर्यंत खोलीवर महिनेच्या महिने काढताना झालेली उधारी पुढल्या पगारावर आधीच बसलेली असे. 1914 च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे 50 हजार हिंदी खलाशी होते, आणि त्यांचे वेतन गोऱ्या खलाशाच्या फार तर तिसऱ्या हिश्शाइतके. भरतीचा हा प्रश्न 1931 साली हिंदी मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशनाच्या अहवालापर्यंत पोहोचला, तरी दस्तुरी काही तेवढ्याने थांबली नाही.

आम्हा चौघांपैकी दोघे खरोखरच बोटीवर चढले. एक टंडेलीपर्यंत पोहोचला, पैसाही बरा पाठवीत असे. परंतु त्याची जमीन अखेर सावकाराच्याच खाती राहिली. दुसरा जन्मभर साधा खलाशी. त्याच्या निरक्षर आईने मात्र आलेल्या प्रत्येक मनीऑर्डरीतून चार रुपये आधी सावकाराकडे पोचते केले, दर वेळी हट्टाने पावती घेतली, ती शाळामास्तरांकडून वाचवून घेतली आणि गहाणखत फिटल्यावरच घरावर कौले घातली. समुद्राने दोघांनाही पगार दिला; जमीन सोडवली ती त्या बाईने, आणि आमच्या नेमणुकांत तिच्यासाठी एकही हुद्दा नव्हता.